ओळखीचें जग व नवा खेळ

मनुष्यास नव्याची आवड असते असें सर्वच म्हणतात. परंतु खेळणाऱ्यांच्या एखाद्या मेळ्याकडे नीट पाहिलें तर निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. अंगणांत भातुकली मांडणाऱ्या मुली रोज तेंच घर मांडतात. दिवाळींत किल्ला करणारीं मुलें दरवर्षीं शिवाजी महाराजांनाच सिंहासनावर बसवितात व तेच मावळे बुरुजांवर उभे करितात. वडील माणसें विचारतात, "पुन्हां तेंच काय?" मुलांस त्याचें उत्तर देतां येत नाहीं, पण उत्तर आहे, आणि तें जाणून घेण्यासारखें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही तेंच शोधण्याचा यत्न करणार आहों.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्राच्या दक्षिण कोंकणांत सांपडतें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत व लगतच्या गोव्यांत गांवोगांवच्या जत्रांतून दशावतारी नाटकें होतात. खेळ रात्रीं उशिरां सुरू होतो व उजाडेपर्यंत चालतो. आरंभींच्या भागास आडदशावतार म्हणतात. त्यांत गणपति, ऋद्धिसिद्धि व सरस्वती येऊन जातात. मग वेद चोरणारा संकासुर काळ्या वेषांत प्रवेश करितो, मालवणी बोलींत सर्वांची थट्टा करितो, आणि अखेरीस विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर मुख्य आख्यान, म्हणजे पुराणांतील एखादी कथा, सुरू होतें. साथीस मृदंग, झांज व पायपेटी. सामान म्हणाल तर एक बाकडें. तेंच राजाचें सिंहासन.

आतां यांतील खरी नवलाची गोष्ट ऐका. या नाटकांस परंपरेनें लिहिलेली संहिता नसते. खेळापूर्वीं मंडळीचा चालक कोणतें आख्यान लावावयाचें तें ठरवितो, कथेचा क्रम सांगतो व भूमिका वांटून देतो. पुढें भाषणें ज्याचीं त्यानें, तेथल्या तेथें, रचावयाचीं. कथा सर्वांस पाठ. शब्द मात्र कोणासच ठाऊक नाहींत. ज्या नटांस रोज रात्रीं नवें बोलावयाचें आहे, ते नवें जग कां शोधीत नाहींत? त्याचीं कारणें आम्हांस चार दिसतात.

पहिलें कारण, सांगण्याचे श्रम वांचतात. समजा, अशा मंडळीस कोणी म्हणालें कीं, आज पुराणें सोडा व ज्याचें नांव कोणीं ऐकलें नाहीं अशा देशाची गोष्ट करा. मग तेथील राजा कोण, त्याचें वैर कोणाशीं, तेथें अतिथीस कसें वागवितात, शपथ मोडली तर काय होतें, हें सर्व आधीं ठरवावें लागेल, आणि मग प्रेक्षकांस समजावून द्यावें लागेल. तोंवर कोंबडा आरवेल! उलट, खांद्यावर गदा घेतलेला भीम नुसता आंत आला कीं सारी सभा तयार असते.

दुसरें कारण, एकमेकांस उत्तर देतां येतें. एका नटानें अनपेक्षित वाक्य टाकलें तर दुसऱ्यानें गोंधळावयाचें नाहीं. भीम रागावला तर गदेस हात घालील व धर्मराज त्यास आवरील. नारद आला म्हणजे कोठें तरी कळ लागेल. हें दोघांनाही ठाऊक असल्यामुळें वाक्य कितीही नवें असो, त्याचें उत्तर सुचतें. चेंडूच्या खेळांत मैदानाच्या रेघा असतात, त्याप्रमाणें हें ओळखीचें जग होय. रेघांमुळें खेळ अडत नाहीं. त्यांच्यावांचून तो सुरूच होत नाहीं.

तिसरें कारण, नवें काय तें ओळखूं येतें. सरळ वाट डोळ्यांपुढें असल्यावांचून वळण कळत नाहीं. आपल्या पुणें जिल्ह्याकडील तमाशांतली गवळण घ्या. तमाशाविषयीं कोणाचें मत कांहींही असो, तिची घडण अभ्यासण्याजोगी आहे. दूध-दहीं घेऊन गौळणी मथुरेच्या बाजारास निघाल्या आहेत. पुढें मावशी, आणि तें सोंग पुरुषच घेतो. वाटेंत कृष्ण व पेंद्या आडवे येतात. एवढें कायम. पण त्या जुन्या भांडणांत पेंद्या एकाएकीं कालव्याच्या पाण्याच्या पाळीविषयीं विचारतो आणि मंडप हंसूं लागतो. तो प्रश्न चावडीवर कोणी विचारला असता तर कोणीही हंसलें नसतें. मथुरेच्या वाटेवर इंदापूरचा कालवा आला, ही त्यांतली गंमत. आणि मथुरेची वाट ठाऊक नसेल त्यास ती कळावयाची नाहीं.

परदेशांतही हाच अनुभव आहे, आणि चौथें कारण तेथें अधिक स्पष्ट दिसतें. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत चारसहा जण मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो; इतर जण योद्धा, जादूगार, चोर अशीं पात्रें घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, प्रत्येक जण आपलें पात्र काय करील तें बोलतो, आणि यश किंवा अपयश फांसे टाकून ठरतें. या खेळासाठीं अनेक कल्पित देश छापलेले आहेत. एड ग्रीनवुड यांनीं निर्मिलेला 'फरगॉटन रेल्म्स' हा देश १९८७ सालीं खेळाडूंच्या हातीं आला. नवे देश विकत मिळत असतांही कित्येक मेळे वर्षानुवर्षें एकाच देशांत खेळतात. कारण तेथें त्यांचा स्वतःचा इतिहास सांठलेला असतो. मागें आपण जो पूल जाळला तो अजून जळलेलाच आहे, ज्यास वांचविलें तो अजून उपकार स्मरतो. हा ठेवा नव्या देशांत नेतां येत नाहीं.

पळसदेवच्या वाचकांस हें चौथें कारण फोडून सांगावयास नको. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, भीमेचें पाणी मागें चढलें, आणि जुनें गांव त्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी फारच ओसरलें म्हणजे पळसनाथाचें देऊळ उघडें पडतें. ज्यांनीं तें गांव पाहिलें आहे अशीं दोन वृद्ध माणसें बोलत बसलीं तर अर्ध्या वाक्यांत त्यांचें काम भागतें. "वेशीपाशीं" एवढें म्हटलें कीं पुरे. तीच हकीकत नातवास सांगावयाची तर वेस कोठें होती येथपासून आरंभ करावा लागतो, आणि तोंवर गोष्टीची ऊब जाते. सामाईक जग म्हणजे काय, तें असें हातचें गेल्यावर कळतें.

यांतून दोन सावधगिरीच्या सूचना निघतात. पहिली विद्यार्थ्यांस. ओळखीच्या जगांत राहणें निराळें व गतवर्षींचीं वाक्यें पुन्हां म्हणणें निराळें. दशावतारी नट कथा जुनी ठेवितो, परंतु भाषण रोज नवें करितो. जो भाषणही जुनेंच ठेवील त्याचा खेळ मेला म्हणून समजावें. शिवाय, ओळखीचें जग परक्यास बाहेर ठेवूं शकतें. शाळेंत नाना घरचीं मुलें एका बाकावर बसतात. एकाच्या घरीं पुराणें, दुसऱ्याच्या घरीं शुभवर्तमानांतील दाखले, तिसऱ्याच्या घरीं पिरांच्या कथा. ज्यास तुमचा भीम ठाऊक नाहीं त्यास हंसूं नका. त्यास आधीं गोष्ट सांगा, मग लहानशी भूमिका द्या, आणि त्याच्या घरची गोष्टही ऐकून घ्या. मेळा असाच वाढतो.

दुसरी सूचना पालकांस. जमीन सात-बाराच्या उताऱ्यावर वारसाच्या नांवें चढते. हें जग तसें चढत नाहीं. तें तोंडानें सांगावें लागतें, तेंही पुनःपुन्हां. उद्यां मुलांस पेंद्या कोण व धर्मराज कोण हें ठाऊक नसेल, तर उत्तमांतला उत्तम नटही त्यांच्यापुढें मुका ठरेल. म्हणून मूल म्हणालें, "तीच गोष्ट पुन्हां सांगा," तर कंटाळूं नका. तें नव्यास भीत नसतें. नवें रचण्यासाठीं पायाखालची भुई पक्की करीत असतें.

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटींत एवढें करा. घरांतील वडील माणसांकडून एक गोष्ट तीनदां ऐका, आणि चौथ्यांदां ती चारचौघांत खेळून दाखवा. कथा त्यांची असूं द्या. शब्द तुमचे पाहिजेत.