नऊ पानं आणि एक ई-मेल

ई-मेल म्हटलं की आपल्याला आठवतात सबमिशनच्या आदल्या रात्री फॉरवर्ड होणाऱ्या फाइली! पण संशोधक मंडळी जर्नल छापून यायची वाट न बघता मेलवर किती पुढे जातात, याचं झकास उदाहरण आपल्याच देशातलं आहे.

आयआयटी कानपूरला प्रा. मणीन्द्र अग्रवाल यांच्याबरोबर नीरज कयाल आणि नितीन सक्सेना काम करत होते. दोघांचं बी.टेक. २००२ मध्येच झालेलं, म्हणजे आपल्याहून जेमतेम मोठे. प्रश्न असा : दिलेली संख्या मूळ संख्या आहे का, हे कॉम्प्युटर झटपट आणि खात्रीने सांगू शकेल का? (मूळ संख्या म्हणजे प्राइम नंबर. मी कॉन्व्हेंटवाली, हा शब्द मला रूममेटने शिकवला.) झटपट म्हणजे, संख्येतले अंक वाढले तर वेळ त्या अंकांच्या एखाद्या ठरावीक घाताइतकाच वाढावा. आधीच्या पद्धतींत कुठे नशिबाचा भाग होता, कुठे सिद्ध न झालेलं गृहीतक.

ऑगस्ट २००२ मधल्या एका रविवारी तिघांनी नऊ पानांचा पेपर काही तज्ज्ञांना मेलने धाडला. सोमवारी अमेरिकेत कार्ल पॉमरन्स यांनी तो वाचला, त्यांना पटला आणि त्याच दुपारी त्यांनी त्यावर व्याख्यान ठेवलं. आठवडा संपायच्या आत न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी! पुढे हेन्ड्रिक लेन्स्ट्रा यांनी सिद्धतेचा एक भाग सोपा केला. ही सुधारणा घेऊन पेपर ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला तो २००४ मध्ये. म्हणजे तपासणी टळली नाही, फक्त जग तोवर थांबलं नाही.

मोठ्या गणितज्ञांकडे ‘मी अमुक सिद्ध केलं’ असे मेल पुष्कळ येतात. मग हाच का वाचला गेला? मला वाटतं, दावा शीर्षकातच स्पष्ट होता, सिद्धता सोबत होती आणि ती एका बैठकीत तपासता येण्याइतकी छोटी होती.

आणि आपण काय लिहितो? ‘रिस्पेक्टेड सर, प्लीज सेंड कम्प्लीट प्रोजेक्ट विथ कोड.’ असल्या मेलला कोण उत्तर देणार! त्यापेक्षा आधी पेपर वाचा. कितव्या पानावरचं कोणतं समीकरण अडलं आणि तुम्ही स्वतः काय करून पाहिलं, ते चार ओळींत लिहा. प्रश्न एकच विचारा. विषयाच्या ओळीत ‘हेल्प’ नको, पेपरचं नाव टाका. आणि लायब्ररीत जर्नल येत नसेल तर लेखकाकडेच प्रत मागा, अनेक जण आनंदाने पाठवतात.