तसबिरीतला ड्यूक आणि हल्याळचा कर्नल

कॅसलरॉक, जोयडा, हल्याळ या पट्ट्याचा इतिहास लिहायला बसलं की आर्थर वेलस्ली भेटतोच. 1800 साली बंडखोर धोंडिया वाघाच्या मागावर असलेल्या या कर्नलच्या पत्रव्यवहारात हल्याळचं ठाणं येतं. मग लेखाला चित्र हवं म्हणून त्याचीच, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनची, जुनी छापील तसबीर उचलली जाते आणि तिच्याखाली मजकूर येतो, ‘हल्याळ मोहिमेतील वेलस्ली’. मला हे मान्य नाही. ड्यूक ही पदवी त्याला 1814 मध्ये मिळाली. म्हणजे ती पदवी छापलेला कागद धोंडियाच्या 1800 मधल्या मृत्यूनंतर निदान साडेतेरा वर्षांनी निघालेला आहे. चित्रकार रॉबर्ट होमने 1804 साली कलकत्त्यात काढलेलं चित्र जवळचं, पण तोवर असईची लढाई होऊन गेली होती आणि कर्नलचा मेजर जनरल झाला होता. ‘ऑर्डर ऑफ द बाथ’चा किताब त्याला सप्टेंबर 1804 मध्ये जाहीर झाला. बातमी मद्रासला पोचेपर्यंत 1805 उजाडलं. तेव्हा कलकत्त्याच्या त्या बैठकीतल्या चित्रात छातीवर बाथचा तारा दिसला, तर तो मागाहून चढवलेला समजावा.

‘खाली नाव छापलंय, मग शंका कशाला?’ असं कुणी म्हणेल. नावाचं काय, इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून आपल्याकडे खपत होतं, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र पुढे आणलं तेव्हा कुठे ते मागे पडलं. ‘चेहरा तरी खरा ना?’ हा प्रश्न अधिक रास्त आहे. पण छापील तसबिरीचं खोदकाम करणारा बहुधा चित्रावरून काम करी, माणसावरून नव्हे. तांब्याच्या पत्र्यावर जसंच्या तसं कोरलं की कागदावर ते उलटं उमटतं: डाव्या कमरेची तलवार उजवीकडे, डाव्या छातीवरचा तारा उजवीकडे. यावरून अधिकारी डावखुरा होता असं ठरवणं हास्यास्पद. अशी तसबीर टाकाऊ मात्र नाही. लंडनच्या गिऱ्हाइकाला कसा वेलस्ली हवा होता, हे ती चोख सांगते.

तेव्हा आधी तळची किनार वाचा. डाव्या कोपऱ्यात ‘पिंक्सिट’पाशी चित्रकार, उजव्या कोपऱ्यात ‘स्कल्प्सिट’पाशी खोदणारा सापडतो. 1735 पासून ब्रिटिश कायद्याने मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावर घालणं आलं. आणि कृपा करून, फ्रेममध्ये बसत नाही म्हणून ती किनार कापू नका.