एकाच कातळातली दोन दैवते : कार्ले आणि लेण्याद्री

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आपल्याकडे घरची माणसे मिळून प्रवासाला निघाली, की त्या प्रवासाला आजी ‘यात्रा’ म्हणते, वडील ‘सहल’ म्हणतात आणि माझ्यासारखा इतिहासाचा विद्यार्थी मनातल्या मनात त्याला ‘अभ्यासदौरा’ म्हणतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कल्याणहून कार्ले आणि लेण्याद्री असा दोन दिवसांचा प्रवास केला, तेव्हा ही तिन्ही नावे एकाच गाडीत बसली होती. आजीला कुलदेवता एकवीरेची ओटी भरायची होती आणि अष्टविनायकांपैकी राहिलेला एकच गणपती, लेण्याद्रीचा गिरिजात्मज, पाहायचा होता. माझ्या वहीत मात्र ‘चैत्यगृह’ आणि ‘विहार’ हे शब्द होते.

आमच्याबरोबर बाबांचे कचेरीतले स्नेही आणि त्यांच्या पत्नी होत्या. मी त्यांना काका-काकू म्हणतो. काकांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दीक्षासमारंभाला हजर होते आणि तेव्हापासून ते घर बौद्ध आहे. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि त्याचा अर्थ कळणे यांत किती अंतर असते, हे या प्रवासात उमगले. म्हणूनच हा लेख.

कार्ल्याचा डोंगर

कार्ल्याच्या पायऱ्या चढून गेले की समोर एक चमत्कारिक दृश्य दिसते. मागे कातळात कोरलेले भव्य चैत्यगृह, डाव्या हाताला माथ्यावर चार सिंह असलेला उंच दगडी स्तंभ आणि उजव्या हाताला, जवळजवळ दारातच, एकवीरेचे देऊळ. मुळात सिंहस्तंभ दोन होते आणि दुसऱ्याच्या जागी हे देऊळ उभे आहे, असे मानतात. आम्ही गेलो तेव्हा देवीच्या दारात मोठी रांग होती. आगरी-कोळी मंडळी वाजतगाजत आली होती. चैत्यगृहात मात्र आमच्याखेरीज चार-दोनच माणसे होती.

ज्यांनी हे चैत्यगृह पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. चैत्यगृह म्हणजे ज्याच्या टोकाला स्तूप आहे असे प्रार्थनागृह आणि विहार म्हणजे भिक्षूंचे राहण्याचे ठिकाण. कार्ल्याचे चैत्यगृह इ. स. च्या पहिल्या शतकातले किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे असून, भारतातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे आहे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे ४५ फूट. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांच्या रांगा आहेत. खांबांचा पाया घटासारखा, मधला भाग अष्टकोनी आणि माथ्यावर प्राण्यांवर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या. स्तूपामागचे सात खांब मात्र अगदी साधे. छताला लाकडी फासळ्या आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. ही लाकडे शोभेची नक्कल नव्हेत, ती त्या काळची आहेत. डोंगर पोखरून केलेल्या छताला फासळ्यांचा आधार लागत नाही. तरीही त्या बसवल्या, कारण त्याआधीची प्रार्थनागृहे लाकडाची होती आणि कारागिरांचा हात ती सवय सोडायला तयार नव्हता.

माझे लक्ष अधिक वेधले ते लेखांनी. ब्राह्मी लिपीतले हे लेख दात्यांचे आहेत. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे एक लेख अभिमानाने सांगतो. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिला. एक दार सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान आहे. सामी नावाच्या सुताराने आपले नाव कोरून ठेवले आहे. खांब देणाऱ्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. राजाने एका हुकमाने हे लेणे उभे केले नाही. ज्याला एक खांब परवडला त्याने एक खांब दिला. बोरघाटाने ये-जा करणाऱ्या व्यापारी मार्गाची ही वर्गणीच म्हणायची!

मी घरच्यांना हे सारे उत्साहाने सांगत होतो. उत्साहाच्या भरात माझ्या तोंडून दोन वाक्ये गेली. पहिले आजीला : “आजी, खरे म्हणजे हे सगळे बौद्धांचे. तुझी देवी मागाहून येऊन दारात बसली.” आजी नुकतीच ओटी भरून आली होती. तिने पदराने कपाळ पुसले आणि हळूच विचारले, “मग मी ओटी चुकीच्या दारात भरली म्हणायची का रे?”

मला उत्तर सुचले नाही. ते झाकण्यासाठी मी दुसरे वाक्य बोललो : “पुढे बौद्ध धर्म महाराष्ट्रातून लोप पावला आणि ही लेणी ओस पडली.”

काका खांबाला हात लावून उभे होते. ते म्हणाले, “लोप पावला म्हणतोस, मग मी कोण?”

ते हसून बोलले, पण मला हसता आले नाही. माझी दोन्ही वाक्ये मी परीक्षेत लिहिली आहेत आणि त्यांना गुणही मिळाले आहेत. त्याच वाक्यांनी तासाभरात दोन वडीलधारी माणसे दुखावली गेली. वाक्ये खरी असतील तर दुखावण्याचे भय बाळगू नये, हे मलाही मान्य आहे. पण ती खरोखर खरी होती का?

वहीतला शोध

रात्री लोणावळ्याच्या मुक्कामी मी माझी टिपणे पुन्हा काढली. कार्ल्यालाच उषवदाताचा एक लेख आहे. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. वलूरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचे गाव दिले. पण तोच लेख असेही सांगतो, की त्याने देव आणि ब्राह्मण यांना सोळा गावे दिली होती. दाता एक आणि दाने दोन्हीकडे! मी हा लेख परीक्षेसाठी पाठ केला होता, पण त्यातले हे मर्म माझ्या ध्यानात आले नव्हते. आपण ज्या काळाला ‘बौद्ध काळ’ असे एकच लेबल लावतो, त्या काळातही माणसे एका लेबलात मावत नव्हती.

आणखी एक गोष्ट. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील बुद्धमूर्ती मूळच्या नाहीत. लेणे कोरले तेव्हा पूजा स्तूपाची होती. मूर्ती काही शतकांनंतर कोरल्या गेल्या. म्हणजे देवी येण्यापूर्वीही, बौद्धांच्याच हातून, या लेण्याचे रूप बदलत होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात मातृदेवतांच्या ठाण्यांचा विचार केला आहे आणि ही ठाणी व जुने मार्ग यांचा संबंध दाखवला आहे. तो विचार मनात ठेवला, तर ‘आधी कोण, मागून कोण’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही. मी आजीला जे ठासून सांगितले, त्यात दगडी बांधकामाचा क्रम बरोबर होता. श्रद्धेच्या वयाविषयी मात्र मला बोलण्याचा अधिकार नव्हता.

लेण्याद्री

दुसऱ्या दिवशी चाकण, नारायणगावमार्गे आम्ही जुन्नरला पोहोचलो. लेण्याद्रीच्या पायथ्याशी तिकीट काढावे लागते. आजी थबकली. “देवाच्या दारात तिकीट?” बाबांनी समजावले, की हे देऊळ तर आहेच, पण संरक्षित स्मारकही आहे. एकाच जागेचे हे दोन परिचय त्या कागदाच्या चिटोऱ्यावर आम्हाला पहिल्यांदा एकत्र भेटले. आजीने डोलीत बसायचे साफ नाकारले. पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या ती काकांच्या हाताला धरून चढली.

गिरिजात्मजाचे देऊळ म्हणजे लेणे क्रमांक ७. पुत्रप्राप्तीसाठी पार्वतीने येथे तप केले आणि गणेश तिच्या पोटी आला, अशी कथा आहे. आत गेल्यावर प्रथम जाणवते ती दालनाची लांबीरुंदी : सुमारे ५७ फूट लांब, ५१ फूट रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. तिन्ही भिंतींत लहान लहान खोल्या. सात डावीकडे, सात उजवीकडे, सहा मागच्या भिंतीत. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून गाभारा केला आहे आणि तेथे कातळातली शेंदरी गणेशमूर्ती आहे. रचनेवरून हा विहार आहे, याबद्दल शंका राहत नाही. जुन्नरच्या परिसरातील ही लेणी साधारणपणे इ. स. च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली आहेत.

दर्शन झाल्यावर आजीनेच विचारले, “या खोल्या कसल्या रे?” या वेळी मी सावध होतो. ‘खरे म्हणजे’ हा शब्द गिळून मी सांगितले, की येथे भिक्षू राहत. पावसाळ्याचे महिने ते एका जागी काढत, एरवी फिरत असत. या खोल्या झोपण्याच्या नि ध्यानाच्या.

“म्हणजे देवाचे नाव घेणारी माणसे इथे आधीपासून होती,” आजी म्हणाली.

काका मृदू आवाजात म्हणाले, “आजी, ते देवाचे नाव नव्हते घेत. आपले मन ताब्यात ठेवायला शिकत होते.”

“ते तर देवाच्या नावाहून अवघड,” आजी म्हणाली.

काकांनी त्या दालनात हात जोडले नाहीत. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची एक प्रतिज्ञा आहे आणि ती ते पाळतात. त्यांनी फक्त खोल्या मोजल्या, वीस. आजीच्या ते लक्षात आले. ती काही बोलली नाही.

शेजारचे लेणे क्रमांक ६ हे चैत्यगृह आहे. कार्ल्याच्या मानाने अगदी लहान, पण एक फरक पाहण्याजोगा. कार्ल्याला छताच्या फासळ्या लाकडाच्या, तर येथे त्या दगडातच कोरल्या आहेत. येथला लेख सांगतो, की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोनार, असा त्याचा अर्थ लावतात. हे ऐकताच बाबा मोठ्याने म्हणाले, “अरे, म्हणजे आपल्या गावचा!”

काकूंनी स्तूपासमोर उभे राहून हळू आवाजात त्रिशरण म्हटले. आजी दाराशी थांबली होती. काकू बाहेर आल्यावर तिने विचारले, “प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे का तुमच्यात?” काकू म्हणाल्या, “आहे की! उजवा हात स्तूपाकडे ठेवून.” “आमच्यातही तशीच,” असे म्हणून आजीने, गुडघे दुखत असूनही, एक प्रदक्षिणा पुरी केली.

परतीची वाट

आम्ही माळशेज घाटाने कल्याणला परतलो. त्या घाटाच्या जवळच नाणेघाट आहे. जुन्नरहून कोकणात आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी सातवाहनांच्या काळातली ही वाट. तेथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. त्यात इंद्र, संकर्षण, वासुदेव अशा देवांना वंदन असून अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि दक्षिणांची नोंद आहे. त्याच वाटेच्या टोकाला जुन्नरला सुलसदत्ताचे चैत्यगृह आहे आणि यवनांनी दिलेली पाण्याची टाकीही आहेत. सुलसदत्ताच्या दानाचा पैसा याच वाटेने घाट चढला असेल काय, असा विचार गाडीत माझ्या मनात घोळत होता.

मग या लेण्यांची खरी ओळख कोणती? मला वाटते, हा प्रश्न एकवचनात विचारण्यातच चूक आहे. लेण्याद्रीला गेलेल्या भाविकाला तो विहारात उभा आहे हे कोणी सांगत नसेल, तर तो अन्याय आहे. ज्या भिक्षूंनी येथे पावसाळे काढले आणि ज्या सोनारपुत्राने पैसा दिला, त्यांची नावे पुसणे आहे. आज त्या परंपरेला आपली मानणारी माणसे आपल्या शेजारी राहतात, हे विसरणे तर त्याहून वाईट. उलटपक्षी, गणपतीपुढे हात जोडणाऱ्या आजीला तिची श्रद्धा उपरी आहे असे सांगणे, हा इतिहास नव्हे. ती विद्यार्थ्याची बढाई झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींत विरघळत नाहीत. काकांनी हात जोडले नाहीत आणि आजीने गणपती सोडला नाही. तरी पायऱ्या दोघे एकमेकांच्या आधाराने चढले आणि उतरले.

माझ्या सहाध्यायांना एक विनंती आहे. लेणी पाहायला जाल तेव्हा तीन गोष्टी जरूर पाहा : आराखडा काय सांगतो, लेखात कोणाची नावे आहेत, आणि आज तेथे कोण हात जोडते. पहिल्या दोहोंसाठी पुस्तके पुरतात. तिसऱ्यासाठी बरोबर घरची माणसे असावी लागतात.

राहता राहिले ते उत्तरपत्रिकेतले वाक्य. ते मी असे दुरुस्त केले आहे : “पुढे विहारांचा राजाश्रय व व्यापाराचा आधार हळूहळू तुटला आणि भिक्षुसंघ लेणी सोडून गेला, काही लेण्यांत दुसरी दैवते आली, १९५६ नंतर महाराष्ट्रात लाखो लोकांनी बौद्ध धर्म पुन्हा स्वीकारला.” वाक्य लांबले आहे, ही गोष्ट खरी. काकांना ते वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “आता मी यात आहे.” आजीने विचारले, “आणि माझी एकवीरा?” मी तिला ‘दुसरी दैवते आली’ या शब्दांवर बोट ठेवून दाखवले. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही. ‘दुसरी’ हा शब्द काढावा की ठेवावा, याचा विचार मी अजून करतो आहे.