स्वस्त कॅड प्रणाली : आधी गती की आधी सुविधा?

लघुउद्योगांच्या कर्जप्रस्तावांना जोडलेल्या कोटेशनांत यंत्रांबरोबर संगणकसाहाय्यित आरेखनाची, म्हणजेच कॅडची, प्रणालीही आता वरचेवर आढळते. साचे बनविणाऱ्या एका ग्राहकाने आणलेली अशी दोन कोटेशने मध्यंतरी पाहण्यात आली. किमती जवळपास सारख्या होत्या. एकावर त्रिमितीय प्रतिमा, छायाप्रकाश, तयार चिन्हांचा संग्रह अशा सुविधांची दीड पानी यादी होती; दुसऱ्यावर जेमतेम आठ ओळी. ग्राहकाचा कल साहजिकच पहिलीकडे होता. "आपले सर्वांत जड ड्रॉइंग यावर उघडून पाहिलेत का?" असे विचारता उत्तर नकारार्थी आले.

ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले आणि त्याची डीडब्ल्यूजी फाइल आरेखनाची व्यवहारभाषा बनली. तीच फाइल वाचणारी, परंतु कमी किमतीची इंटेलिकॅड प्रणाली १९९८ मध्ये आली. तिच्या गाभ्यावर पुढे अनेक कंपन्यांनी आपापली उत्पादने उभारली. गाभा एकच असल्यावर वेगळेपण दाखवायचे कशात? सुविधांत! बेल्जियमच्या ब्रिक्सकॅडने मात्र कालांतराने तो गाभाच सोडून स्वतःचा नव्याने लिहिला. हे काम खर्चाचे असते आणि जाहिरातीत फारसे दिसत नाही.

आरेखकाचा वेळ कोठे जातो, ते पाहू. ड्रॉइंग उघडणे, जवळ-दूर करणे, पडद्यावरील रेषा पुन्हा आखणे (यालाच रीजेन म्हणतात), हॅच भरणे आणि जतन करणे, ही कामे दिवसभर चालूच असतात. प्रत्येक वेळी आठ सेकंद थांबावे लागले आणि असे दिवसातून दोनशे वेळा घडले, तर १६०० सेकंद, म्हणजे जवळपास २७ मिनिटे वाया जातात. महिन्याच्या २५ कामकाजी दिवसांत हे अकरा तासांहून अधिक होते. वेतन मात्र त्या तासांचेही द्यावे लागते, आणि कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेलाच येतो.

मंदगतीचा दोष प्रत्येक वेळी प्रणालीचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. जुन्या ड्रॉइंगमध्ये न वापरलेले ब्लॉक, लेयर आणि एकावर एक आखलेल्या रेषा साठत जातात. पर्ज आणि ऑडिट या आज्ञा दिल्यावर फाइल कधीकधी आश्चर्य वाटावे इतकी हलकी होते. शिवाय, द्विमितीय आरेखनाची बहुतांश कामे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतात. त्यामुळे अधिक कोअरांचा महागडा संगणक घेण्यापेक्षा प्रत्येक कोअरची गती, पुरेशी स्मृती आणि एसएसडी यांवर केलेला खर्च अधिक कामी येतो. प्रणाली बदलण्याआधी एवढे करून पाहावे.

तरीही सुविधा निरुपयोगी असतात असे कोणी समजू नये. काही सुविधा म्हणजे गतीच होय. लिस्प भाषेत लिहिलेला छोटासा कार्यक्रम छिद्रांचा तक्ता क्षणार्धात काढून देतो. हातांनी त्याला अर्धा तास लागतो. १९९३ मध्ये आलेल्या ऑटोकॅड एलटी या स्वस्त आवृत्तीत ही सोय २०२४ च्या आवृत्तीपर्यंत नव्हती, आणि कित्येकांनी केवळ तेवढ्यासाठी अन्य प्रणाली निवडली. आपल्या कार्यालयात असे जुने कार्यक्रम असतील, तर ते नव्या प्रणालीत जसेच्या तसे चालतात का, हे घड्याळ लावण्यापूर्वी तपासावे. रोज पत्रा उलगडून कापणाऱ्याला पत्राकामाची सुविधा हवीच. वर्षातून एकदा सुंदर प्रतिमा काढणाऱ्याने ते काम बाहेरून करून घेतलेले बरे.

परवान्याचे स्वरूपही पाहावे. ऑटोडेस्कने कायमस्वरूपी नवे परवाने विकणे २०१६ मध्ये थांबविले. स्वस्त प्रणालींपैकी काही मात्र ते अजून देतात. वार्षिक वर्गणी हा दरवर्षीचा खर्च आहे, आणि प्रकल्प अहवालात तो तसाच दाखवावा.

वर उल्लेखिलेल्या ग्राहकाने दोन्ही विक्रेत्यांकडून चाचणी प्रती मागविल्या आणि आपलीच तीन जड ड्रॉइंगे, त्याच संगणकावर, आरेखकाच्या हातून उघडून वेळ टिपला. दीड पानी यादीची प्रणाली हॅच भरताना दोनदा बंद पडली. त्यांनी आठ ओळींची घेतली आणि सुधारित कोटेशन त्याच आठवड्यात शाखेत सादर केले.