भिंत नसलेल्या मैदानाचे हवामान

भूगोलाच्या पुस्तकात ‘खंडीय हवामान’ असा शब्द येतो. समुद्रापासून दूर, उन्हाळा कडक, हिवाळाही कडक, एवढे लिहिले की परीक्षेपुरते काम भागते. पण असे हवामान तिथल्या माणसाला कसे वागायला लावते, हे समजायचे असेल तर एक लहानसा प्रदेश घ्यावा आणि त्याचे वर्षभराचे ऋतू पाहावेत, असे मी वर्गात नेहमी सांगतो. या लेखासाठी मी अमेरिकेच्या आयोवा राज्यातील बेंटन काउंटी निवडली आहे.

काउंटी हा तिथला जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. बेंटन काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १,८६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. वस्ती मात्र जेमतेम २५ हजारांच्या आसपास. व्हिंटन हे मुख्य ठिकाण, त्याला लागून सीडर नदी वाहते आणि बाकी सगळीकडे मका व सोयाबीनची शेते.

हे ठिकाण साधारण ४२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपले श्रीनगर ३४ अंशांवर येते. पण थंडीचे कारण केवळ अक्षांश नाही. आपल्या उत्तरेला हिमालय पूर्व-पश्चिम उभा आहे आणि मध्य आशियाची गार हवा तो बरीचशी अडवतो. अमेरिकेत रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. त्यामुळे कॅनडाकडून येणाऱ्या थंड, कोरड्या हवेला आणि मेक्सिकोच्या आखाताकडून येणाऱ्या उष्ण, दमट हवेला मधल्या मैदानात अडवणारे काहीच नाही. बेंटन काउंटी या दोन्ही हवांच्या वाटेवर आहे. जानेवारीचे सरासरी तापमान तिथे उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि जुलैचे २३ च्या आसपास. मुंबईत सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीत सहा-सात अंशांचाच फरक पडतो.

आता ऋतू पाहू. हिवाळ्यात खरा शत्रू वारा असतो. तापमान उणे १८ अंश असताना ताशी २४ किलोमीटरचा वारा सुटला, तर शरीराला ते उणे २८ अंशांसारखे जाणवते आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. तिथे ‘ब्लिझर्ड’ या शब्दाची व्याख्याही वाऱ्यावरच आधारलेली आहे: ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा आणि ४०० मीटरपेक्षा कमी दृश्यता, सलग तीन तास. त्यासाठी आकाशातून बर्फ पडलेच पाहिजे असे नाही. जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडाला तरी रस्ता दिसेनासा होतो.

वसंतात शेतकरी मक्याच्या पेरणीची वाट पाहतो. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातला सोयाबीनचा शेतकरी पावसासाठी थांबतो, तर तिथला शेतकरी जमिनीच्या उबेसाठी थांबतो. माती साधारण १० अंशांपर्यंत तापली आणि वापसा आला की एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत पेरणी उरकायची, कारण ऑक्टोबरात पुन्हा कडाक्याचे दव गोठू लागते. वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्यापेक्षा थोडाच जास्त. पण तो चार महिन्यांत न पडता बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि मे-जूनमध्ये जोर धरतो. त्याच दिवसांत दोन हवांची टक्कर होऊन गडगडाटी वादळे, गारपीट आणि टॉर्नेडो येतात.

जुलैत मका डोक्यावर जातो. एक एकर मका दिवसाला सुमारे ११,००० ते १५,००० लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडतो. म्हणून समुद्र दूर असूनही तिथला उन्हाळा घामाघूम करणारा असतो. हा ओलावाच वादळांना बळ देतो.

याचा सर्वांत मोठा धडा १० ऑगस्ट २०२० रोजी मिळाला. त्या दिवशी ‘डेरेचो’ आले. हा शब्द आयोवातलेच शास्त्रज्ञ गुस्टावस हिनरिक्स यांनी १८८८ मध्ये वापरात आणला. टॉर्नेडोत वारा गरगर फिरतो, डेरेचोत तो सरळ रेषेत धावतो. पावसाने गार झालेली हवा वेगाने खाली कोसळते, पुढे पसरते आणि पुढची उष्ण दमट हवा वर ढकलते. त्यातून नवे ढग तयार होतात आणि वादळांची रांग पुढे सरकत राहते. त्या दिवशी ही रांग साउथ डकोटापासून ओहायोपर्यंत सुमारे १,२४० किलोमीटर, १४ तासांत गेली. बेंटन काउंटीतल्या ॲटकिन्स गावाजवळ ताशी २०३ किलोमीटर वेगाची नोंद झाली. पीक ऐन भरात असताना मका आडवा झाला, धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या चेपल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी वीज कित्येक दिवस आली नाही.

अशा उघड्या मैदानात वादळ अडवता येत नाही, पण सूचना वेळेवर देता येते. या कामाची सुरुवात तिथे सैन्याने केली, हे आपल्या छात्रांनी लक्षात ठेवावे. १ नोव्हेंबर १८७० रोजी अमेरिकी सैन्याच्या सिग्नल विभागातील निरीक्षकांनी २४ ठिकाणांहून एकाच वेळी हवामानाच्या नोंदी घेऊन तारेने पाठवल्या. पुढे २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर मेजर फॉबुश आणि कॅप्टन मिलर या दोन अधिकाऱ्यांनी टॉर्नेडोचा इशारा दिला आणि त्याच संध्याकाळी टॉर्नेडो तळावर आला. विमाने आधीच सुरक्षित ठेवली असल्याने नुकसान कमी झाले.

आज तिथे दोन शब्द लहान मुलांनाही माहीत असतात. ‘वॉच’ म्हणजे वादळाला अनुकूल स्थिती आहे, तयार राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसले आहे किंवा येऊन ठेपले आहे, तळघरात जा. कवायतीच्या भाषेत पहिला हुकूम ‘सावधान’चा, दुसरा ‘तेज चल’चा. ऑगस्ट २०२१ पासून, ताशी १२९ किलोमीटर वा अधिक वेगाच्या विध्वंसक वादळाचा इशारा तिथल्या मोबाइलवर आपोआप वाजतो.

आपल्या हवामान विभागाचे रंगही असेच वाचायचे असतात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. सुटीत मुले प्रवासाला निघताना पालकांनीही हे रंग पाहावेत. पिवळ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला लाल इशाऱ्याच्या वेळी तयारीला वेळ उरत नाही.

अभ्यासासाठी:
१. हिमालय उत्तर-दक्षिण असता तर दिल्लीच्या हिवाळ्यात काय फरक पडला असता?
२. महिनाभर रोज सकाळी पीटीपूर्वी तापमान, वाऱ्याची दिशा आणि ढग यांची नोंद वहीत करा. कोणत्या दिशेचा वारा थंडी आणतो ते शोधा.
३. आपल्या वसतिगृहात ‘लाल’ इशाऱ्याच्या वेळी कोणी, कुठे, किती मिनिटांत जमायचे, याची पाच ओळींची योजना लिहून हाउसमास्तरांना दाखवा.