गालाच्या आतला डाग : साधा कोणता, धोक्याचा कोणता?

गालात पांढरा डाग दिसला की काहीजण घाबरतात, तर काहीजण 'दुखत तर नाही' म्हणून सोडून देतात. पण गालाच्या बाबतीत दुखणे ही धोक्याची खूण नव्हे. जे फार दुखते ते बहुधा साधे असते आणि जे धोक्याचे असते ते सुरुवातीला दुखतच नाही.

नेहमी दिसणारे, साधे

१) दात एकमेकांवर बसतात त्या रेषेत गालावर उठलेली पांढरी रेघ. ती दातांच्या दाबाने येते. औषध लागत नाही.

२) रव्याच्या कणांसारखे पिवळसर ठिपके. या तेलग्रंथी आहेत. बहुतेक मोठ्या माणसांच्या तोंडात त्या असतात.

३) दुधाळ झाक. गाल बोटाने ताणला की ती नाहीशी होते.

४) तोंड येणे. साधारण पाच जणांत एकाला हा त्रास कधी ना कधी होतो. खूप झोंबते, पण एक-दोन आठवड्यांत भरून येते.

कमी दिसणारे, पण धोक्याचे

१) पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा. तंबाखू, मशेरी, खर्रा, मावा किंवा गुटखा जिथे धरून ठेवतात, बहुधा तिथेच तो येतो. यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो.

२) मखमलीसारखा लाल चट्टा. हा क्वचितच दिसतो, पण सर्वांत धोक्याचा हाच.

३) तिखट खाताना आग होणे, गाल पांढुरका व कडक होणे, तोंड कमी उघडणे. हा सुपारीचा आजार आहे. 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' असे म्हणून सुटका होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवले आहे. आखडलेला गाल पुन्हा पूर्ववत होत नाही. सुपारी सोडली तर आजार वाढण्याचा धोका कमी होतो.

घरी कसे पाहावे?

महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहा. चूळ भरून दोन्ही गाल बोटाने ताणून पाहा. आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात का, तेही पाहा. मशेरी लावणाऱ्या आजी, आई, मावशी यांचे तोंड आवर्जून पाहा. दात घासण्याची मशेरी म्हणजेही भाजलेली तंबाखूच.

चट्टा, गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर दुखत नसली तरी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. नागपूर, मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले तर टाळू नका. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हा गैरसमज आहे.

तंबाखू सोडल्यावर बरेच पांढरे चट्टे कमी होतात. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.