एकाच नखाखाली ठणकतंय का गं?

अगं, एक्स-रे स्वच्छ आला, बोटाला सूज नाही, म्हणून 'मनावर घेऊ नकोस' असं तुला सगळे सांगतात ना? मला मात्र तू खरं सांग. फ्रिजमधली दुधाची पिशवी उचलताना कळ थेट खांद्यापर्यंत जाते का? चादरीची घडी घालताना नख नुसतं घासलं तरी डोळ्यांत पाणी येतं का? आणि दुखरी जागा टिंबाएवढीच आहे का? असं असेल तर ग्लोमस ट्यूमरची शंका घ्यायलाच हवी.

ट्यूमर म्हटलं म्हणून धसका घेऊ नकोस. बोटांच्या टोकांशी रक्तप्रवाह कमीजास्त करून तापमान सांभाळणाऱ्या सूक्ष्म रचना असतात. त्यातल्या एखाद्या रचनेची ही गाठ, बहुधा काही मिलिमीटरचीच. ती कॅन्सरची असणं फारच दुर्मीळ. तिशी ते पन्नाशीतल्या बायकांत जास्त दिसते. पियेर मासाँ यांनी १९२४ सालीच तिचं वर्णन करून ठेवलंय, तरी आजही कित्येकींची वर्षं गोळ्या खाण्यात जातात. याचा मला फार राग येतो.

हाताच्या सर्जनकडे जा. ते टाचणीच्या बोथट टोकाने नखावर दाबत जातील. नेमक्या एका ठिकाणी तू हात झटकशील, शेजारी काहीच नाही. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा फुगवून तीच जागा पुन्हा दाबतील. रक्त थांबलं की कळ थांबते, पट्टा सोडला की परत येते. एमआरआयमध्ये गाठ बहुधा दिसते. मात्र अगदी बारीक असली तर निसटूही शकते.

इलाज एकच, गाठ काढणं. बोट बधिर करतात, मुळाशी पट्टी बांधून रक्त थांबवतात. नख अलगद उचलून खालच्या नाजूक थरावर उभी चीर देतात आणि गाठ अख्खी सोडवून घेतात. तो थर बारीक, विरघळणाऱ्या टाक्यांनी नीट जुळवावा लागतो, नाहीतर नख वेडंवाकडं येतं. गाठीचा कण राहिला तर दुखणं परतू शकतं. बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. नवं नख पुरतं यायला मात्र सहाएक महिने लागतात. काढलेली गाठ तपासणीला पाठवायला सांगायचंच.

हे दुखणं आता अंगावर काढू नकोस. याच आठवड्यात वेळ घे, आणि 'ग्लोमस असेल का?' हे डॉक्टरांना तू स्वतःहून विचार.